वाळू लोखंड किती खाते?

वर्धा जिल्ह्यातील हिंगणी हे गाव बोर नदीवरच्या धरणाजवळ आहे. हिंगणीत काय किंवा तुमच्या गावात काय, विहिरीवरचा विजेचा पंप तुम्ही पाहिलाच असेल. नव्या पंपाची धार कशी जोरात पडते! पण पाण्यातून वाळू येत असेल तर काही हंगामांतच ती बारीक होते. मोटर तीच, वीजही जळतेच. मग पाणी कोठे गेले?

पंप उघडला की उत्तर सापडते. आतला बिडाचा पंखा, म्हणजे इंपेलर, झिजलेला असतो. पंखा आणि केसिंग यांच्यातील फट वाढते व वर ढकललेले काही पाणी तिच्यातून मागे फिरते. तेवढी वीज फुकट जाते.

एवढासा वाळूचा कण लोखंड कसे खातो? हिशेब करू. १५ सें.मी. व्यासाचा पंखा मिनिटाला २,८०० फेरे घेत असेल, तर त्याच्या काठाचा वेग सेकंदाला सुमारे २२ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ ८० कि.मी. होतो! शिवाय वाळूतील गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण साध्या पोलादापेक्षा कठीण असतात. वेग दुप्पट झाला तर झीज दुप्पट नव्हे, साधारण चौपट ते आठपट होते.

वाळूला गंजाची साथ मिळते. गंजाचा थर आतल्या धातूला थोडेफार झाकतो. वाळू तो थर खरवडून काढते, ताजा धातू उघडा पडतो आणि पुन्हा गंजतो. म्हणून दोघांनी मिळून केलेले नुकसान प्रत्येकाच्या वेगवेगळ्या नुकसानीच्या बेरजेपेक्षाही जास्त भरू शकते.

ही झीज मोजायची कशी? डोळ्यांना ती दिसत नाही, पण तराजूला कळते. ५० मि.मी. लांब, २० मि.मी. रुंद अशा पातळ लोखंडी पट्टीच्या दोन्ही बाजूंचे क्षेत्रफळ २० चौ. सें.मी. होते. लोखंडाची घनता घ. सें.मी.ला सुमारे ७.८५ ग्रॅम. समजा, ३० दिवसांत पट्टीचे वजन ०.१५७ ग्रॅमने घटले. तर

०.१५७ ÷ (७.८५ × २०) = ०.००१ सें.मी.

म्हणजे प्रत्येक बाजू ०.०१ मि.मी.ने झिजली. याच गतीने वर्षात सुमारे ०.१२ मि.मी. झीज होईल.

आता प्रयोग करा. अशा चार सारख्या पट्ट्या घासून, कोरड्या करून शाळेच्या तराजूवर तोला. एक कोरडी जपून ठेवा. उरलेल्या तीन प्लास्टिकच्या बरण्यांत ठेवा: पहिलीत स्थिर पाणी, दुसरीत रोज दहा मिनिटे हलवलेले पाणी, तिसरीत तसेच हलवलेले पाणी आणि मूठभर वाळू. एरवी झाकणे सैल ठेवा, कारण गंजण्यास हवा लागते. महिन्याने पट्ट्या पुन्हा तोला.

पण सावधान! गंजात हवेतील ऑक्सिजन मिसळलेला असतो. तो पट्टीवर राहिला तर झिजलेली पट्टीसुद्धा जड भरेल. म्हणून आधी लिंबाचा रस व ब्रश यांनी गंज काढा, धुवा, वाळवा. कोरडी ठेवलेली चौथी पट्टीही तशीच साफ करून तोला. साफ करण्यातच तिचे जेवढे वजन घटले, तेवढे इतर पट्ट्यांच्या घटीतून वजा करा. तिसऱ्या आणि दुसऱ्या पट्टीच्या घटीतील फरक हा वाळूचा वाटा. दुसरी पट्टी हलवली नसती, तर हा फरक वाळूचा की हलवण्याचा हे कळले नसते.

हिमाचल प्रदेशात सतलज नदीवर १,५०० मेगावॅटचे नाथपा झाकडी वीजकेंद्र आहे. तेथेही शत्रू हाच. पावसाळ्यात पाण्यातील गाळ फार वाढला की टर्बाइन वाचवण्यासाठी केंद्र बंद ठेवावे लागते, आणि तिच्या भागांवर टंगस्टन कार्बाइडचा कठीण मुलामा देतात. विहिरीवरच्या पंपाला साधे उपाय पुरतात: पाणी ओढणारे तोंड तळापासून वर ठेवणे, विहिरीतला गाळ उपसणे. उपायाचा उपयोग झाला की नाही, हे मात्र मोजल्यावरच कळते.