डायलिसिसवरील रुग्णांचा आहार : एक दुर्लक्षित प्रश्न

मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिस सुरू झाले की कुटुंबाचे लक्ष यंत्र, रक्ततपासण्या व खर्च यांवर केंद्रित होते. रुग्णाच्या ताटाकडे मात्र दुर्लक्ष होते. वाकोला परिसरातून आमच्याकडे येणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत आम्हांस हीच मोठी चिंता वाटते. कारण या रुग्णांच्या जीवितास असलेल्या धोक्यांत कुपोषण हा एक प्रमुख धोका आहे. अमेरिकेतील बारा हजारांहून अधिक रुग्णांच्या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रक्तातील अल्ब्युमिन कमी असलेल्यांत मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या जास्त आढळले होते. अल्ब्युमिन केवळ अपुऱ्या आहारानेच नव्हे, तर जंतुसंसर्ग व दाह यांमुळेही घटते. म्हणून दोन्हींचा शोध घ्यावा लागतो.

गैरसमजाचे मूळ जुन्या पथ्यात आहे. डायलिसिसपूर्वी रुग्णास प्रथिने कमी घेण्यास सांगितलेले असते. डायलिसिस सुरू झाल्यावर हा नियम उलटतो. सुमारे चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्ले शरीराबाहेर जातात. त्यामुळे प्रतिकिलो वजनामागे दररोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने आवश्यक ठरतात. म्हणजे ५० किलो वजनाच्या रुग्णास ५० ते ६० ग्रॅम. घरी मात्र जुनेच पथ्य चालू राहते व डाळ, अंडी, मासे ताटातून हद्दपार होतात.

वजनकाटाही फसवा ठरतो. स्नायू झिजत असतात, पण अंगात साचलेले पाणी वजन भरून काढते. म्हणून डायलिसिसनंतरचे 'कोरडे वजन', दंडाचा घेर, हाताच्या पकडीची ताकद व भूक यांची नोंद महत्त्वाची असते.

आठवड्यातून तीन दिवस उपचारांत गेले की मजुरी बुडते, आणि काटकसर प्रथम स्वयंपाकघरात होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून पात्र रुग्णांस डायलिसिसचे साहाय्य मिळते. रोजच्या जेवणाचा भार मात्र कुटुंबावरच राहतो.

खर्चिक पावडरीवाचूनही पुष्कळ साधते. अंड्याचा पांढरा भाग, ताजे मासे, पनीर व बेताची डाळ उपयुक्त आहेत. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यावे. त्यामुळे पोटॅशियम कमी होते. सुके मासे, लोणचे, पापड व शहाळ्याचे पाणी टाळावे. प्रमाण प्रत्येक रुग्णागणिक बदलते. ते डॉक्टर व आहारतज्ज्ञांकडूनच ठरवून घ्यावे.

आमच्या हितचिंतकांस नम्र विनंती, की डायलिसिससाठी साहाय्य करताना रुग्णाच्या पोषणाचाही विचार व्हावा. यंत्र रक्त शुद्ध करते. झिजलेले शरीर भरून काढण्यास अन्नच हवे.