रातवा : शेताचा बिनपगारी राखणदार

दिवस मावळला की मच्छेच्या माळावरून ‘चक्-चक्-चक्-चर्रर्र’ असा आवाज आपण ऐकतो. तो रातवा पक्षी. रस्त्यावर बसलेला असला तर गाडीच्या उजेडात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात.

युरोपात पूर्वी हा पक्षी रात्री शेळ्यांचे दूध पितो असा समज होता. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थच ‘शेळीचे दूध काढणारा’ असा आहे. खरे तर तो गुरांभोवतीचे किडे टिपतो. चोच इवलीशी, पण जबडा रुंद. उडता उडता पतंग, भुंगेरे, पंखांची वाळवी गिळतो.

वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर जमतात. पुढे त्यांच्याच अळ्या ऊस-भुईमुगाची मुळे कुरतडतात. एकट्या रातव्याने हुमणी हटणार नाही. फांद्या हलवून भुंगेरे गोळा करावेत व रॉकेलमिश्रित पाण्यात टाकून मारावेत. परंतु रातव्याची मदत फुकट मिळते, ती आपण का गमवावी?

अमेरिकेतील त्याचा भाऊबंद नाइटहॉक शहरात गच्चीवरच्या खडीतही अंडी घालतो. आपला रातवा घरटे न बांधता उघड्या जमिनीवर बहुधा २ अंडी घालतो. माळाला आग लावली की ती भाजून जातात. म्हणून उन्हाळ्यात वाळले गवत पेटवू नये, कापून गुरांना घालावे. पायाजवळून रातवा उडाला, तर अंडी न हाताळता मागे फिरावे आणि मुलांनाही तसेच शिकवावे.