लांबची सफर : जहाज लहान घ्यावे की मोठे?

कापडाच्या दुकानात आलेले गिऱ्हाईक पहिला प्रश्न भावाचा करते. शहाणे गिऱ्हाईक त्याच्या आधी पन्हा विचारते. पन्हा कमी असेल तर स्वस्त भावाचे कापडही शेवटी महागच पडते. जहाजाच्या सफरीचेही तसेच आहे. आज कोल्हापुरातही समुद्र सफरीची पत्रके हाती पडतात. कोणी आईवडिलांना पाठवतो, कोणाचा आखातात नोकरीला असलेला मुलगा तिकडूनच बुकिंग करून देतो. मग घरात चर्चा सुरू होते, जहाज मोठे बरे की लहान? पत्रकात फोटो असतो, भाव असतो, पण पन्हा नसतो. दहा, पंधरा, तीस दिवसांच्या सफरीत आयुष्यभराच्या बचतीचा मोठा हिस्सा जातो. म्हणून या सौद्यात काय पाहायचे ते व्यापारी नजरेने मांडत आहे.

हाजींच्या जहाजांचा धडा

लांबची जहाज सफर आपल्या समाजाला नवी नाही. १९९५ पर्यंत मुंबईहून जिद्दाला हाजींचे जहाज जात होते. कोल्हापूर, सांगली, मिरजेकडचे हाजी रेल्वेने मुंबईला पोहोचत, मुसाफिरखान्यात मुक्काम करीत आणि तेथून गोदीत जात. हा प्रवास प्रामुख्याने मोगल लाईन या कंपनीच्या हाती होता. १९८६ साली ही कंपनी शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियात विलीन झाली. 'मोहम्मदी', 'मुजफ्फरी', 'नूरजहाँ', 'अकबर' ही नावे आजही वयस्कर मंडळींच्या तोंडी आहेत.

या जहाजांकडे आजच्या मापाने पाहा. 'मोहम्मदी' आणि 'मुजफ्फरी' ही १९४० च्या दशकाच्या अखेरीस बांधलेली, प्रत्येकी सुमारे ७ हजार टनांची जहाजे. आजच्या हिशोबाने ती लहानच. त्यात हजारावर यात्रेकरू. म्हणजे माणशी सात टनही जागा येत नव्हती. पहिल्या वर्गाला केबिन, बाकीच्यांना खाली ओळीने बंक. त्या काळी बारा-पंधरा दिवस समुद्रावर काढावे लागत. ज्यांना बोट लागे ते पहिले तीन-चार दिवस उठतच नसत.

तरीही लोकांनी ती सफर आनंदाने केली, कारण मनात नियत होती. यलमलमच्या बरोबरीत जहाज आले की एहराम बांधायचा, या एका क्षणासाठी सगळा त्रास सोसला जायचा. मौजेच्या सफरीत ही नियत नसते. तेथे माणूस पैसे मोजून आराम विकत घेतो. म्हणून आरामाचा हिशोब चोख व्हायला हवा.

टन म्हणजे वजन नव्हे

जहाजाचे टन ऐकले की आपल्याला वजन वाटते. प्रवासी जहाजाचा 'ग्रॉस टन' हा आकडा वजनाचा नसून आतल्या बंदिस्त जागेचा असतो. या आकड्याला प्रवाशांच्या संख्येने भागले की माणशी जागा निघते. हाच जहाजाचा पन्हा.

आता काही नावे घेऊ. जानेवारी २०२४ मध्ये प्रवासी सेवेत आलेले 'आयकॉन ऑफ द सीज' हे २ लाख ४८ हजार टनांचे, ३६५ मीटर लांबीचे जहाज. एका केबिनमध्ये दोन असे धरले तर ५ हजार ६१० प्रवासी, म्हणजे माणशी ४४ टन. मात्र सगळ्या खाटा भरल्या तर प्रवासी ७ हजार ६०० होतात आणि माणशी जागा ३३ वर येते. शाळांना सुट्ट्या असताना दुसरा आकडा खरा, ऐन अभ्यासाच्या दिवसांत पहिला.

२०२१ पासून मुंबईहून सफरी करणारे कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' ४८ हजार टनांचे. प्रवासी सुमारे १ हजार ८००. माणशी २७ टन. दोन-चार रात्रींसाठी हे चालून जाते.

'क्वीन मेरी २' मुळात महासागर ओलांडण्यासाठी बांधलेले. १ लाख ४९ हजार टन, प्रवासी सुमारे २ हजार ७००. माणशी ५५. आणि 'सीबोर्न क्वेस्ट' हे ३२ हजार टनांचे लहान जहाज फक्त साडेचारशे लोकांना घेते. माणशी ७० च्या वर!

म्हणजे सर्वात प्रशस्त जहाज या यादीत सर्वात लहान आहे आणि सर्वात दाटीचे जहाजही मध्यम आकाराचेच आहे. नुसत्या आकारावरून काही ठरत नाही. ज्या कंपनीचा धंदा थोड्या मुसाफिरांकडून जास्त भाडे घेण्याचा आहे, ती जागा देते. ज्या कंपनीचा धंदा ठोक मालासारखा आहे, ती संख्या भरते. दोन्ही धंदे प्रामाणिक आहेत. आपण कोणत्या दुकानात शिरलो आहोत हे कळले पाहिजे, एवढेच.

मोठ्या जहाजाची बाजू

मोठ्या जहाजाचा पहिला फायदा भाड्याचा. कप्तान एकच, इंजिनखाना एकच. खर्च हजारो लोकांत वाटला जातो. दुसरा फायदा स्थिरतेचा. लांब आणि रुंद जहाज लाटांवर कमी हेलकावते. तिसरा, मुलाबाळांना करमणूक भरपूर. हलाल जेवणाची सोय मात्र जहाज मोठे म्हणून आपोआप मिळत नाही. ती आधी लेखी मागावी लागते.

तोटेही मोजा. बंदरात उतरायला आणि परत चढायला रांगा. आजार शिरला तर तो हजारो माणसांत शिरतो. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' अडकले, तेव्हा त्यावर ३ हजार ७११ माणसे होती आणि त्यांपैकी ७१२ जणांना कोरोना झाला. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोठ्या जहाजाची कमाई भाड्यावर थांबत नाही. बार, कॅसिनो, दुकाने यांतूनही कंपनीला मोठा पैसा मिळतो. म्हणून स्वस्त भाड्याची कसर वरखर्चात निघते. ज्यांना बार आणि कॅसिनोशी देणेघेणे नाही, त्यांनी आपल्या उपयोगाचे किती उरते ते पाहावे.

लहान जहाजाची बाजू

लहान जहाज पाण्यात कमी खोल बुडते, म्हणून ते मोठ्याला बंद असलेल्या ठिकाणी जाते. व्हेनिस शहराच्या मुख्य जलमार्गात २५ हजार टनांवरच्या जहाजांना ऑगस्ट २०२१ पासून मनाई आहे. आपल्याकडचे उत्तम उदाहरण 'गंगा विलास'. जानेवारी २०२३ मध्ये ही ६२ मीटर लांबीची बोट वाराणसीहून बांगलादेशमार्गे दिब्रुगडला निघाली. ५१ दिवस, ३ हजार २०० किलोमीटर, प्रवासी अवघे ३६. लांबची सफर लहान बोटीतही होते, पण ती नदी होती. नदीत लाटांचा मार नाही आणि काठ नेहमी दिसतो.

भर समुद्रात लहान जहाज जास्त डोलते. दुसरी अडचण डॉक्टरची. आंतरराष्ट्रीय नियमानुसार १०० किंवा अधिक माणसे असलेल्या आणि तीन दिवसांहून लांब परदेशी सफर करणाऱ्या जहाजावर डॉक्टर असावाच लागतो. शंभराच्या आतल्या जहाजाला ही सक्ती नाही. रक्तदाब, साखर, हृदयाचा त्रास असलेल्यांनी ही एक ओळ दोनदा वाचावी.

मोठे जहाजही सगळीकडे धक्क्याला लागत नाही. लक्षद्वीपला ते बाहेर उभे राहते आणि प्रवाशांना छोट्या बोटीत उतरून किनाऱ्यावर जावे लागते. गुडघे दुखणाऱ्या आईला हलत्या बोटीत पाय टाकणे जमेल का, हा प्रश्न पत्रकात नसतो. तो आपणच विचारायचा.

धोका आकारात नाही, शिस्तीत आहे

१७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. बोट ४०६ टनांची, माणसे सातशेच्या घरात. ऐन पावसाळा. लाटेने बोट कलली, घाबरलेली माणसे एका बाजूला धावली आणि बोट उलटली. उलट 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे १ लाख टनांवरचे जहाज. त्यावर ४ हजार २०० माणसे होती. १३ जानेवारी २०१२ रोजी ते इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर गेले, ३२ जण दगावले. तेथे समुद्र शांत होता, चूक कप्तानाची होती. त्यानंतर नियम बदलला. जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच सर्व प्रवाशांची आणीबाणीची कवायत घेणे १ जानेवारी २०१५ पासून बंधनकारक झाले. ही कवायत कंटाळा करून टाळू नये. आपली जीवरक्षक बोट कोठे आहे, तेथवर म्हातारे माणूस किती मिनिटांत पोहोचेल, ते त्याच दिवशी चालून पाहावे.

माल गोदामात आहे का?

नमुना पाहून गाठी घेणारा व्यापारी आधी विचारतो, माल तयार आहे का? जहाजाच्या सौद्यातही हे विचारावे. 'लाईफ अ‍ॅट सी' नावाच्या तीन वर्षांच्या जगसफरीचे बुकिंग २०२३ मध्ये सुरू झाले. आधी 'जेमिनी' हे लहान जहाज ठरले. ते एवढ्या लांब सफरीला अपुरे वाटले, म्हणून मोठे जहाज घ्यायचे ठरले. त्या मोठ्या जहाजाची खरेदीच झाली नाही आणि नोव्हेंबरमध्ये सफर रद्द झाली. काही लोकांनी घरे विकून पैसे भरले होते. २०२४ मध्ये 'ओडिसी' हे दुसरे जगसफरीचे जहाज दुरुस्तीसाठी बेलफास्टला चार महिने अडकले. ते १९९३ सालचे होते.

आपल्याकडेही 'कर्णिका' हे ७० हजार टनांचे जहाज एप्रिल २०१९ मध्ये मुंबईहून सुरू झाले आणि २०२० मध्ये कंपनी बंद पडून ते अलंगला भंगारात गेले. कोरोनाचा फटका होताच. पण विसार देताना परताव्याची अट कागदावर हवी, हा धडा यातून घ्यावा.

समुद्रमार्ग पुन्हा सुरू झाला तर

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री मुख्तार अब्बास नक्वी यांनी जाहीर केले की, हजचा समुद्रमार्ग पुन्हा सुरू करण्यास सौदी सरकारची संमती मिळाली आहे. एका जहाजात चार-पाच हजार लोक जातील आणि २ हजार ३०० नॉटिकल मैलांची वाट तीन-चार दिवसांत संपेल, असे सांगितले गेले. आपण हिशोब करू. जहाज ताशी २० नॉट चालले तर दिवसाला ४८० मैल होतात. म्हणजे जवळपास पाच दिवस. तीन दिवसांत पोहोचायचे तर ताशी ३२ नॉट वेग लागेल. इतका वेग प्रवासी जहाजांना सहसा नसतो आणि तेलाचा खर्चही परवडत नाही.

शिवाय हज हा हंगामी माल आहे. पाच हजारांचे जहाज वर्षातून दोन महिने चालवून उरलेले दहा महिने काय करायचे? त्याचा खर्च शेवटी हाजीच्या भाड्यावर येणार. हजचे दिवस दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात. ते मेअखेरीस आले की परतीची सफर ऐन मृगात होते, तेव्हा अरबी समुद्र खवळलेला असतो. यामुळे समाजाने अशा वेळी केवळ "मोठे जहाज द्या" अशी मागणी करू नये. माणशी जागा किती, वृद्धांना खालच्या मधल्या भागात खाटा मिळतील का, किती डॉक्टर, किती बायकांमागे एक न्हाणीघर, असे आकडे मागावेत.

बुकिंगपूर्वी हे विचारा

१. एकूण टन किती, दोन-दोनच्या हिशोबाने प्रवासी किती आणि सगळ्या खाटा भरल्यास किती?

२. सफरीतले किती दिवस सलग समुद्रावर आहेत?

३. किती बंदरांत जहाज धक्क्याला लागते आणि किती ठिकाणी छोट्या बोटीने उतरावे लागते?

४. केबिन कोठे आहे? ज्यांना बोट लागते त्यांनी मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची घ्यावी. ती बहुधा स्वस्तही असते.

५. भाव माणशी आहे की केबिनचा? एकट्याला किती जादा? बंदर शुल्क, बक्षिशी यात धरली आहे का?

६. डॉक्टर आहे का? आजारी माणसाला मध्येच उतरवावे लागले तर खर्च विम्यात येतो का?

७. जहाज कोणत्या सालचे आहे आणि आज ते कंपनीच्या ताब्यात आहे का?

दलालाचे ऐकावे, पण रत्नागिरी-रायगडकडच्या कोकणी मुस्लिम घरांत जहाजावर नोकरी केलेली पुष्कळ माणसे भेटतात, त्यांचेही ऐकावे. त्यांना विकायचे काही नसते.

माझे मत विचाराल तर, मुलाबाळांसह तीन-चार रात्रींसाठी मोठे जहाज घ्या, दाटी सोसता येते. नदी आणि बेटांसाठी, तब्येत धडधाकट असेल तर, लहान घ्या. आणि पंधरा दिवसांहून लांब सफरीसाठी, विशेषतः वयस्करांना पाठवायचे असेल तर, हजाराच्या आत प्रवासी घेणारे, माणशी चाळीस टनांहून जास्त जागा देणारे, डॉक्टर असलेले मध्यम जहाज शोधा. भाडे जास्त पडेल. तेवढी ऐपत नसेल तर दिवस कमी करा, पण पन्हा कमी करू नका.