डोंगरांतील शिक्षकाची वाट

शाळा सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्यांस आम्ही दरवर्षीं विचारतों, "पुढें कोण होणार?" शिक्षक होईन म्हणणारे थोडेच. "खेड्यांत नेमणूक झाली कीं माणूस जन्मभर तेथेंच अडकतो," असें पालकही म्हणतात. ही समजूत कितपत खरी, तें पाहूं.

आपल्या बीड जिल्ह्यांतील धारूर, पाटोदा, शिरूर कासार इकडे बालाघाटाच्या डोंगरांत शेती बहुतेक कोरडवाहू. दिवाळीच्या सुमारास पुष्कळ कुटुंबें ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. मुलांनीं मागें राहून शिकावें म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. परंतु आईबाप मूल मागें ठेवितात तें बहुधा शिक्षकाच्या भरंवशावर.

अशा शिक्षकाची बढती कशी होते? जिल्हा परिषदेच्या शाळेंत प्रथम तीन वर्षें शिक्षणसेवक म्हणून काढावीं लागतात. प्राथमिक शिक्षणसेवकाचें मानधन २०२३ सालीं ६,००० रुपयांवरून १६,००० झालें. पुढें नियमित वेतन. अटी पुऱ्या केल्यास बारा वर्षांनीं वरिष्ठ श्रेणी व चोवीस वर्षांनीं निवडश्रेणी. पदवीधर शिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी या वरच्या पायऱ्या होत. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांस नाशिकचें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून उपलब्ध आहे. मात्र सर्वोच्च न्यायालयानें १ सप्टेंबर २०२५ रोजीं दिलेल्या निकालानें बढतीसाठीं शिक्षक पात्रता परीक्षा आवश्यक ठरविली. म्हणजे केस पिकलेल्या गुरुजींनाही पुन्हा पाटी हातीं घेणें आलें!

तेव्हां वाट आहे. अडचण निराळीच आहे: तिच्यावर चालणारा बहुधा तालुक्याच्या गांवाकडे तोंड करून चालतो. आम्हीही तसेच निघालों. एका डोंगरवाडीवर चार वर्षें काढल्यावर बदलीचा हुकूम आला, तेव्हां आम्हांस आनंद झाला. निरोप देतांना एक पालक म्हणाले, "गुर्जी, तुमच्या जिवावर पोरगं मागं ठेवत होतो." त्या हंगामांत तो मुलगा फडावर गेला. त्या आनंदाची आम्हांस अजून लाज वाटते.

म्हणून बढती नको, असें आम्ही म्हणत नाहीं. डोंगरांतल्याच केंद्राचा प्रमुख झालेला शिक्षक एका शाळेऐवजीं अनेक शाळांस उपयोगी पडतो. वर चढला, पण गांव सुटलें नाहीं. पालकहो, मुलगा वा मुलगी शिक्षक होऊं म्हणाली, तर नाक मुरडूं नका. आणि विद्यार्थ्यांनो, ज्या वाडींतून तुम्ही आलांत, तेथें कोणीतरी तुमची वाट पाहत आहे.