दांडा तुटला तर?

इंजिन बंद पडले तर गाडी उभी राहते. एक ब्रेक गेला तर दुसरा ओढता येतो. स्टिअरिंगचा दांडा तुटला तर मात्र चालकाच्या हातात उरते ते नुसते फिरणारे चाक. म्हणून सुरुवातीच्या मोटारींत या भागांच्या पोलादाची परीक्षा महत्त्वाची ठरली.

जोर कुठे येतो

१९०८ साली आलेली फोर्डची मॉडेल टी घ्या. स्टिअरिंगचे गिअर चाकाखालीच एका छोट्या डबीत. तिथून खाली जाणारा खांब, त्याच्या टोकाला आखूड भुजा, भुजेला जोडलेला दांडा आणि पुढची दोन्ही चाके एकत्र वळवणारी आणखी एक कांब. गुळगुळीत रस्त्यावर यांना फारसे काम नसते. पण तेव्हाचे रस्ते म्हणजे दगड, चिखल आणि घोडागाड्यांच्या चाकोऱ्या. दर हिसक्याला दांडा एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो.

ओढून पाहणे

सर्वांत जुनी परीक्षा म्हणजे पोलादाची कांब यंत्रात धरून तुटेपर्यंत ओढणे. हेन्री फोर्डने १९२२च्या आत्मचरित्रात व्हॅनेडियम पोलादाचे कौतुक याच मापाने केले आहे: नेहमीचे अमेरिकन पोलाद दर चौरस इंचाला ६० ते ७० हजार पौंड सोसते, तर व्हॅनेडियमचे १ लाख ७० हजार. जाहिरातीला असा आकडा फार सोयीचा. पण सावकाश ओढताना टिकलेले पोलाद हिसक्यालाही टिकेल, असे नाही. कडक पाणी दिलेली कोयती दगडावर आपटली की तिचा टवका उडतो, तसेच.

घाव घालून पाहणे

फ्रान्समध्ये शार्पी (१९०१) आणि इंग्लंडमध्ये आयझॉड (१९०३) यांनी लोलकाच्या चाचण्या मांडल्या. नमुन्याला मुद्दाम खाच पाडायची, वरून जड लोलक सोडायचा आणि नमुना तोडून तो पलीकडे किती उंच जातो ते मोजायचे. जितका कमी उंच, तितके पोलाद चिवट. खाच का? खऱ्या दांड्यावर आटे असतात, पिनेचे भोक असते, काटकोनी कोपरे असतात, आणि ताण नेमका तिथेच गोळा होतो.

ब्रिनेलची परीक्षा (१९००) त्याहून सौम्य: कडक गोळी दाबायची आणि खळगा मोजायचा. भाग न तोडता त्याचा कठीणपणा कळतो.

पुन्हा पुन्हा

खरा शत्रू मात्र एक मोठा धक्का नव्हे, हजारो लहान धक्के. जर्मनीत व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर हे आधीच दाखवले होते: एका झटक्यात ज्याने काहीच बिघडत नाही, असा भारही पुन्हा पुन्हा आला की पोलाद तुटते. तुटलेला भाग खडबडीत दिसला की मेकॅनिक म्हणत, हादऱ्यांनी लोखंड दाणेदार झाले. ही समजूत चिवट निघाली. लोखंड मुळातच दाणेदार असते. १९०३ साली युइंग आणि हम्फ्री यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर त्याच दाण्यांत आधी बारीक रेषा उमटत होत्या आणि पुढे त्यांचेच तडे होत होते.

तेल आणि खडू

असा तडा डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी रेल्वेच्या कारखान्यांत एक साधी युक्ती होती: भाग तेलात भिजवायचा, कोरडा पुसायचा, वर खडूचा पातळ लेप द्यायचा आणि हातोडीने ठोकायचे. तडा असेल तर आत मुरलेले तेल पांढऱ्या लेपावर काळी रेघ ओढते.