डांबराला पडलेली जाळी

घावन जमलं की फसलं, हे जाळीवरून कळतं. पीठ घट्ट असेल तर वाफेला वाट फुटत नाही; फार पातळ असेल तर बुडबुडे येतात तसे विरून जातात. वाफ सुटण्याची वेळ आणि पीठ धरण्याची वेळ एकत्र आली, तरच जाळी राहते. पिचपासून कार्बन फोम बनवणाऱ्यांचं सगळं कसब याच जुळणीत आहे. तव्याच्या जागी तिथे नायट्रोजन भरलेलं बंद पोलादी पात्र असतं.

पिच म्हणजे डांबराचा तळ. पोलाद कारखान्याच्या कोकभट्टीत एक टन कोळसा भाजला की कोकबरोबर साधारण 30 ते 45 किलो डांबर निघतं. त्याच्यातली हलकी तेलं ऊर्ध्वपातनाने काढून घेतली की जवळजवळ निम्मा भाग मागे राहतो. थंड असताना तो काचेसारखा फुटतो, तापला की ओघळतो. तेलशुद्धीकरणात उरणाऱ्या जड तेलांपासूनही पिच करतात. कोळशाच्या पिचचा मोठा वाटा ॲल्युमिनियम कारखान्यांत ॲनोडची भुकटी बांधायला जातो. हा माल हाताळणाऱ्या कामगारांची कातडी उन्हात भाजल्यासारखी होते, आणि त्याच्या वाफा कर्करोगाला कारण ठरतात. फोमच्या हलकेपणाचं कौतुक करताना हे कामगार नजरेआड होऊ नयेत, म्हणून आधीच सांगितलं.

आता मूळ गोष्ट. पिचचे रेणू बव्हंशी चपटे असतात, षटकोनी कड्यांच्या चकत्यांसारखे. साध्या पिचमध्ये त्या कशाही विखुरलेल्या असतात. पण 400 अंश सेल्सिअसच्या आसपास पिच बराच वेळ तापत ठेवलं की छोटे रेणू जोडले जाऊन मोठे होतात, आणि मोठ्या चकत्या आपोआप एकमेकींवर रचल्या जाऊ लागतात. द्रवात सूक्ष्म गोळे दिसू लागतात, ते एकमेकांत मिसळतात, आणि शेवटी सगळा द्रवच शिस्तीत लागतो. या अवस्थेला मेसोफेज म्हणतात. द्रव आणि स्फटिक यांच्या मधली ही अवस्था. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या एका कोळशाच्या थरात, जिथे तप्त खडक शिरून कोळसा भाजला गेला होता तिथे, संशोधक टेलर यांना सूक्ष्मदर्शकाखाली हे गोळे दिसले. पुढे ब्रुक्स आणि टेलर यांनी 1965 मध्ये दाखवून दिलं की तापलेल्या पिचमध्येही हेच घडतं. जमिनीच्या पोटात जे आपोआप झालं होतं, ते प्रयोगशाळेतल्या भांड्यात उतरलं.

कोळशाच्या पिचमध्ये काजळीसारखे बारीक कण असतात. ते गोळ्यांभोवती चिकटतात आणि त्यांना एकमेकांत मिसळू देत नाहीत. म्हणून चांगलं मेसोफेज हवं तर आधी हे कण गाळून काढावे लागतात. गाळण्याचं हे कंटाळवाणं काम पुढच्या सगळ्या देखण्या आकड्यांच्या मुळाशी आहे.

पिचपासून फोम होऊ लागला त्याआधीही कार्बनचा फोम होता. 1960 च्या दशकात वॉल्टर फोर्ड यांनी प्लास्टिकचा फोम हवेशिवाय तापवून कार्बनची जाळी मिळवली. पण ती काचेसारख्या कार्बनची होती; कितीही तापवली तरी तिचं ग्रॅफाइट होत नव्हतं. वळण आलं ते अमेरिकेत टेनेसीमधल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत, 1990 च्या दशकाच्या अखेरीस. कार्बनचे तंतू कार्बननेच बांधून केलेल्या कार्बन-कार्बन संमिश्रांवर काम करताना जेम्स क्लेट यांना पिचचा हा फोम योगायोगाने सापडला. संमिश्रं करणाऱ्यांसाठी पिच फुगणं ही डोकेदुखीच असते, कारण फुगलं की ते तंतूंमधून बाहेर येतं. क्लेट यांनी त्या फुगण्यालाच कामाला लावलं. त्यांच्या पद्धतीचं पेटंट 2000 मध्ये मिळालं.

पद्धत सांगायला सोपी आहे. मेसोफेज पिच साच्यात भरून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे त्या बंद पोलादी पात्रात, ठेवायचं, नायट्रोजनचा दाब हवेच्या दाबाच्या 70 पटींच्या आसपास न्यायचा आणि तापमान हळूहळू वाढवत 800 अंशांपर्यंत आणायचं. बुडबुड्यांसाठी बाहेरून काही घालावं लागत नाही. रेणू तुटताना आणि जुळताना पिचमधूनच वायू सुटतात. बाहेरचा दाब बुडबुड्यांना बेभान फुगू देत नाही, आणि तेवढ्यात रेणू वाढत जाऊन पिच दाट होतं, धरतं. आधीच्या पद्धतींत फोम पुन्हा वितळू नये म्हणून तो हवेत तासन्‌तास भाजावा लागे. इथे ती पायरीच गेली. मग 1000 अंशांची भट्टी, अतिशय संथ, आणि शेवटी 2800 अंशांची. या टप्प्यावर त्याचं ग्रॅफाइट होतं.

मला सर्वांत मोलाची वाटते ती बुडबुडा फुगतानाची घडामोड. दोन बुडबुड्यांमधलं पिच ताणलं जातं, पातळ होतं, आणि त्या ताणाने चकत्या भिंतीच्या दिशेने आडव्या होतात. ग्रॅफाइटमध्ये उष्णता थराच्या आत अफाट वेगाने धावते आणि थरांच्या आरपार जाताना अडखळते. म्हणजे बुडबुड्याने नुसती पोकळी केली नाही, उष्णतेसाठी रस्ते आखून दिले. हा फोम घन सेंटिमीटरला 0.2 ते 0.6 ग्रॅम भरतो. तांबं जवळजवळ 9 ग्रॅम. वजनाला वजन धरलं तर तो तांब्याच्या सहापटींहून अधिक उष्णता वाहतो. त्याची पातळ चकती बोटांत धरून बर्फाला टेकवली की बोटं लगेच गारठतात. टेक्ससमधल्या पोको ग्रॅफाइट कंपनीने परवाना घेऊन हा फोम बाजारात आणला. पण तो ठिसूळ आहे, बारीक छिद्रांतून हवा ढकलायला जोर लागतो, आणि 2800 अंशांची भट्टी स्वस्त नसते. तांब्या-ॲल्युमिनियमचे रेडिएटर अजून जागेवरच आहेत, ते यामुळे.

वेस्ट व्हर्जिनियात वेगळीच वाट निघाली. तिथल्या टचस्टोन प्रयोगशाळेने फुगणाऱ्या कोळशापासूनच फोम केला. त्यात चकत्या शिस्तीत लागत नाहीत, म्हणून तो उष्णता वाहण्याऐवजी अडवू शकतो. तो पेट घेत नाही आणि तापल्यावर फारसा प्रसरणही पावत नाही. विमानांच्या संमिश्र भागांचे साचे करायला तो उपयोगी पडतो. दिसायला दोन्ही काळ्या जाळ्याच. रेणूंना रांग लावायला उसंत मिळाली की नाही, एवढाच फरक.

जपानची गोष्ट आपल्या घराजवळची आहे. मित्सुबिशी गॅस केमिकलने नॅफ्थलिनचे रेणू उत्प्रेरकाने जोडून अतिशय शुद्ध मेसोफेज पिच तयार केलं, आणि क्लेट यांच्या प्रयोगांत तेही वापरलं गेलं. नॅफ्थलिन म्हणजे ट्रंकेतल्या पैठण्यांच्या घडीत ठेवायची डांबरगोळी.

दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत कोळशाच्या डांबरावर जे काम झालं, त्यात दाबाचं पात्र टाळलेलं आहे. पिचची बारीक पूड पाण्यात कालवून त्यात पॉलियुरेथेनचा स्पंज बुडवतात, वाळवतात, आणि हवेत मंद तापवून पिचला पक्कं करतात, म्हणजे पुढे ते वितळत नाही. मग हवाबंद भट्टीत स्पंज नाहीसा होतो, कार्बनची जाळी उरते. विद्युतचुंबकीय लहरी अडवायला तिचा उपयोग कसा होतो, हे या शास्त्रज्ञांनी तपासलं. भिलाई-राउरकेल्याच्या कोकभट्ट्यांचं डांबर हाताशी असलेल्या देशाला ही वाट परवडणारी आहे: जाळी स्पंजाची, आणि डांबराने फक्त तिच्यावर बसायचं.