चिठ्ठी माणसाची नव्हे, घराची
लस आणि वय : लेखांक ६

रोज न्याहारीला दोन टोस्ट खाणाऱ्या आजींनी आज अर्धाही संपवला नाही. दुपारी त्या खुर्चीतच पेंगत राहिल्या आणि संध्याकाळी भेटायला आलेल्या लेकीला त्यांनी बहिणीच्या नावाने हाक मारली. थर्मामीटरचा पारा शंभरच्या जेमतेम वर, खोकला नावापुरता. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये फ्लू अनेकदा असा, पावले न वाजवता शिरतो. तरुणाला फणफणून येतो तसा ताप ऐंशी-पंच्याऐंशीच्या थकलेल्या देहाला आणताच येत नाही. तिथल्या अनुभवी परिचारिकांची नजर म्हणूनच तापाइतकीच ताटावरही असते.

इथे एक खुलासा हवा. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे गल्लीतले छोटे रुग्णालय, जिथे बाळंतपणे आणि अपेंडिक्सच्या शस्त्रक्रिया होतात. अमेरिकेतले नर्सिंग होम हे वृद्धांचे कायमचे घर असते. उठणे-बसणे, अंघोळ, जेवण यांसाठी दुसऱ्याचा हात लागतो अशी माणसे तिथे वर्षानुवर्षे राहतात. या लेखात त्याला शुश्रूषागृह म्हणू. एका खोलीत दोन खाटा, जेवायला एकच दालन, आणि सकाळपासून खोल्याखोल्यांतून फिरणारे तेच ते मदतीचे हात. पहिला आजारी लक्षात येईपर्यंत विषाणू शेजारच्या खोल्यांत पोचलेला असतो. अमेरिकेत फ्लूने होणाऱ्या मृत्यूंपैकी ७० ते ८५ टक्के ६५ वर्षांवरच्या माणसांचे असतात, आणि त्यांतले सर्वांत नाजूक या घरांत राहतात.

लस इथे फार पूर्वीपासून दिली जाते. २००५पासून प्रत्येक रहिवाशाला फ्लूची लस देऊ करणे शुश्रूषागृहांना बंधनकारकच आहे. अडचण लसीच्या जोराची आहे. गेल्या आठवड्यात विषाणूचे प्रकार दरवर्षी कसे निवडले जातात ते पाहिले. त्या प्रत्येक प्रकाराचे १५ मायक्रोग्रॅम प्रथिन नेहमीच्या लसीत असते. तिशीतल्या शरीराला तेवढे पुरते. पण छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी वयाबरोबर आक्रसत जाते, नव्या शत्रूची ओळख पटवणाऱ्या ताज्या पेशी कमी होतात आणि तीच सुई म्हाताऱ्या दंडात टोचल्यावर प्रतिपिंडे निम्म्या मनाने तयार होतात.

यावर तीन वाटा निघाल्या. पहिली सरळ आहे: प्रथिन चौपट करा, १५ऐवजी ६० मायक्रोग्रॅम. ही मोठ्या मात्रेची लस अमेरिकेत डिसेंबर २००९मध्ये, फक्त ६५ वर्षांवरच्यांसाठी मंजूर झाली. दुसरीत प्रथिन तेवढेच ठेवून सोबत स्क्वालीन या तेलाचे पाण्यात फेटलेले सूक्ष्म थेंब देतात. एमएफ-५९ नावाचे हे मिश्रण टोचलेल्या जागी रोगप्रतिकारक पेशी गोळा करते. ही लस इटलीत १९९७पासून वापरात आहे. अमेरिकेने ती २०१५मध्ये स्वीकारली.

तिसरी वाट मराठी शेतकऱ्याला चकित करील. फ्लूची लस परंपरेने कोंबडीच्या अंड्यात वाढवतात आणि अंड्यात वाढताना विषाणू थोडा बदलतो. एच-३-एन-२ या प्रकारात हा बदल विशेष नडतो. तिसऱ्या लसीत अंडे नाही आणि अख्खा विषाणूही नाही. त्याचे फक्त एक प्रथिन एका अळीच्या पेशींत तयार करवून घेतात, आणि ती अळी म्हणजे २०१८पासून महाराष्ट्रातला मका फस्त करणारी अमेरिकन लष्करी अळी. पोंग्यात शिरून शेतकऱ्याला रडवणाऱ्या या किडीच्या पेशी प्रयोगशाळेत आजोबांचे संरक्षण घडवतात. मात्रा प्रत्येक प्रकाराची ४५ मायक्रोग्रॅम.

रक्तातली प्रतिपिंडे या लसींनी वाढतात, हे लवकरच दिसले. पण त्यांनी आजार टळतो का? मोठ्या मात्रेपुरते याचे उत्तर २०१४मध्ये मिळाले. अमेरिका आणि कॅनडातल्या ३१,९८९ ज्येष्ठांवरच्या चाचणीत नेहमीची लस घेतलेल्यांपैकी १.९ टक्क्यांना फ्लू झाला, मोठी मात्रा घेतलेल्यांपैकी १.४ टक्क्यांना. म्हणजे फ्लू साधारण २४ टक्क्यांनी घटला. पण ही माणसे बऱ्यापैकी ठणठणीत होती, स्वतःच्या घरी राहणारी होती. ज्याला कूस बदलायलाही मदत लागते त्याचे काय?

ब्राउन विद्यापीठाशी संबंधित वृद्धरोगतज्ज्ञ स्टीफन ग्रॅव्हेनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा छडा लावायचे ठरवले. त्यांची युक्ती नीट समजून घेण्यासारखी आहे. एरवी अशा चाचणीत माणसांच्या चिठ्ठ्या टाकतात: याला ही लस, त्याला ती. शुश्रूषागृहात ते गैरसोयीचे ठरते. समजा, एका खाटेवरच्या आजोबांना जोरकस लस मिळाली आणि शेजारच्या खाटेवर नेहमीची. पहिले आजारी पडले नाहीत तर दुसऱ्यांनाही संसर्ग होत नाही आणि दोन लसींमधला फरक पुसट होतो. शिवाय स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या नाकात पुन्हा पुन्हा कापसाची काडी घालून नमुने घ्यायचे, हे त्याच्यासाठी भयंकर असते. म्हणून चिठ्ठ्या टाकल्या त्या घरांच्या. एकूण ८२३ शुश्रूषागृहे. ४०९ घरांत मोठ्या मात्रेची लस, ४१४ घरांत नेहमीची. नाकातल्या काडीऐवजी पुरावा घेतला ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, म्हणजे मेडिकेअरच्या नोंदींतून. कोण, केव्हा, कशासाठी रुग्णालयात गेले, हे तिथे लिहिलेलेच असते. रोजच्या कारभाराला धक्का न लावता इतक्या दुबळ्या माणसांवर इतकी मोठी चाचणी करता येते, हे या लेखकाला तिच्या निकालाइतकेच मोलाचे वाटते.

हंगाम होता २०१३-१४चा, आणि जोर होता एच-१-एन-१चा. २००९च्या ऑगस्टमध्ये देशातला पहिला बळी घेऊन पुणे हादरवणाऱ्या त्याच विषाणूचा. विम्याच्या नोंदी जुळल्या अशा ३८,२५६ रहिवाशांचा हिशेब लागला. सहा महिन्यांत श्वसनाच्या आजाराने रुग्णालयात गेले ते नेहमीच्या लसीच्या घरांत ३.९ टक्के, मोठ्या मात्रेच्या घरांत ३.४ टक्के. धोका सुमारे १३ टक्क्यांनी कमी.

अर्धा टक्का चिमूटभर वाटेल. दोनशे माणसांमागे एक फेरी टळली, एवढाच त्याचा अर्थ. पण ती फेरी कशी असते? रात्री स्ट्रेचर येते. अनोळखी खोली, डोक्यावर पांढरा दिवा, हातात सलाइन. चष्मा आणि कानातले यंत्र घाईत मागे राहिलेले. नव्वदीतली बाई दुसऱ्या दिवशी आपण कुठे आहोत हेच विसरते. आठवडाभर अंथरुणात पडून पायांची ताकद जाते, आणि वॉकर घेऊन जेवणाच्या दालनापर्यंत चालत जाणारी तीच बाई परत येते ती अनेकदा चाकाच्या खुर्चीत. तो अर्धा टक्का वाचताना ही बाई डोळ्यांसमोर हवी.

तेलाच्या थेंबांच्या लसीचीही अशीच परीक्षा २०१६-१७मध्ये झाली. पुन्हा घरांच्या चिठ्ठ्या, ५०,०१२ रहिवासी, हंगाम एच-३-एन-२चा. न्यूमोनिया आणि फ्लूसाठी रुग्णालयात जाण्याचा धोका २० टक्क्यांनी कमी झाला, कोणत्याही कारणाने जाण्याचा ६ टक्क्यांनी. मग १३पेक्षा २० मोठे, म्हणून तेलाची लस सरस? तसे म्हणता येत नाही. वर्षे वेगळी, विषाणू वेगळे, मोजलेले आजारही वेगळे. वानखेडेवरच्या धावा आणि पर्थवरच्या धावा शेजारी मांडून फलंदाज ठरवावा, तसे ते होईल. दोन्ही चाचण्यांना पैसा त्या त्या लसीच्या उत्पादकाने पुरवला होता, हेही वाचकाला ठाऊक असावे. अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने जून २०२२मध्ये तिन्ही लसींना एकाच पंक्तीत बसवले: ६५ वर्षांवरच्यांना यांपैकी कोणतीही द्यावी, आणि त्या वेळी एकही हाताशी नसेल तर नेहमीची द्यावी, पण थांबू नये.

अलीकडचे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. डेन्मार्कमध्ये तीन हंगामांत ३ लाख ३२ हजारांवर ज्येष्ठांच्या चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. फ्लू किंवा न्यूमोनियाने रुग्णालयात गेले ते मोठ्या मात्रेने ०.६८ टक्के, नेहमीच्या लसीने ०.७३ टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो. स्पेनच्या गॅलिसियात ६५ ते ७९ वयाच्या माणसांत मात्र तशाच निकषावर सुमारे २४ टक्क्यांची घट दिसली. या दोन्ही चाचण्या समाजातल्या ज्येष्ठांच्या होत्या. धोका मुळात जिथे कमी, तिथे फायदा दिसायलाही माणसे फार लागतात. शुश्रूषागृहांत धोकाच कित्येक पट मोठा आहे. तिथे मोठी मात्रा किंवा तेलाची लस आग्रहाने मागावी, हे या लेखकाचे मत डेन्मार्कच्या आकड्यांनंतरही बदललेले नाही.

त्या ८२३ घरांच्या चाचणीत आणखी एक चिठ्ठी होती. काही घरांतल्या कर्मचाऱ्यांना लस फुकट देऊ केली, काहींत नेहमीचाच रिवाज ठेवला. हेतू उघड आहे. आजोबा घराबाहेर पडत नाहीत, विषाणू त्यांच्याकडे चालत येतो, तो बाहेरून येणाऱ्यांसोबत. स्कॉटलंडमध्ये वृद्धांच्या २० दीर्घकालीन रुग्णालयांत असा प्रयोग आधीच झाला होता. निष्कर्ष २०००मध्ये छापून आले. कर्मचाऱ्यांना लस देऊ केलेल्या ठिकाणी १३.६ टक्के रुग्ण दगावले, इतरत्र २२.४ टक्के. मात्र तपासलेल्या नमुन्यांत फ्लूचा विषाणू सापडण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखे निघाले, त्यामुळे श्रेय लसीला किती द्यायचे यावर आजही वाद आहे.

अमेरिकेत तर वादापर्यंतही गोष्ट गेली नाही. फुकट लस ठेवूनही ती घेणाऱ्या कर्मचाऱ्यांचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच राहिले, आणि चाचणीचा तो भाग तपासताच आला नाही. आजोबांना अंघोळ घालणारी, घास भरवणारी, रात्रपाळी संपवून अनेकदा दुसऱ्या नोकरीवर निघणारी ही माणसे फुकट सुईला का नकार देतात? पुढचा लेखांक त्यांच्याविषयी.